पाटी चोवीस तास

भोरच्या बाजारपेठेत औषधांचे एक दुकान आहे. दुकानाचे नाव सांगत नाही. दुकानदार भला माणूस आहे आणि आमच्या मावशीचे त्याच्याकडे उधारीचे खाते आहे. दुकानावर हातभर उंचीच्या अक्षरांत पाटी आहे : 'चोवीस तास सेवा'. तिच्याखाली दिवाही आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता मी त्या पाटीखाली उभा होतो. वर दिवा जळत होता आणि खाली शटर बंद होते. शटरला दोन कुलुपे होती. एक चोरांसाठी आणि दुसरे बहुधा माझ्यासारख्यांसाठी.

मी शटर वाजवले. शेजारच्या ओट्यावर घोंगडीचे एक गाठोडे होते, ते हलले. त्यातून एका पोराचे डोके बाहेर आले.

"काय पायजे?"

"औषध. दुकान चोवीस तास उघडं असतं ना?"

त्याने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पुण्याच्या माणसाकडे पाहण्याची मावळात एक खास नजर आहे, तिने.

"पाटी चोवीस तास असती," तो म्हणाला. "दुकान नऊला उघडतंय."

आणि गाठोडे पुन्हा गाठोडे झाले.

मावशीचा दमा उठला होता. तिचा तो तोंडात फवारा मारायचा पंप रिकामा झाला होता, हे आम्हाला नेमके एक वाजता कळले. असल्या गोष्टी दुपारी चारला कधीच कळत नाहीत. औषधाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. मावशी ठणठणीत आहे, म्हणून तर विनोद करायचे धाडस करतोय. पण त्या रात्रीपासून 'चोवीस तास' या शब्दांनी माझी झोप उडवली. आमच्या मुलखात दिवसरात्र न थांबणारे काम पूर्वी कोण करत होते, याचा मी शोध घेऊ लागलो. पेन्शनर माणसाला काहीतरी लागतेच.

पहिला शोध असा की आपल्याकडे चोवीस तास मुळी नव्हतेच. होते आठ प्रहर आणि साठ घटका. घटकेची मिनिटे भरतात चोवीस. म्हणजे तो आकडा आपल्या नशिबी होताच, फक्त वेगळ्या जागी. देवळात किंवा वाड्यात पाण्याने भरलेले एक घंगाळ असे. त्यात बुडाशी बारीक भोक असलेली वाटी तरंगत सोडायची. हेच घटिकापात्र. भोकातून पाणी आत येऊन वाटी बुडाली की एक घटका भरली. ती उचलायची, टोला द्यायचा, पुन्हा सोडायची. दिवसातून साठ वेळा. कल्पना करा, हे काम रात्री करणाऱ्या माणसाचे काय होत असेल! पाण्यात हळूहळू बुडणाऱ्या वाटीकडे एकटक बघत बसणे, यापेक्षा नामी झोपेचे औषध धन्वंतरीलाही सुचले नसते. आणि नेमके हेच काम जाग्या माणसाचे! त्याला डुलकी लागली तर सगळ्या गावाचा वेळ चुकायचा. 'घटकाभर टेकतो' असे आपण सहज म्हणतो. तो बिचारा घटकाभर टेकला, तर घटकाच नाहीशी व्हायची.

दुसरा शोध गडांवर लागला. वेल्ह्याच्या मुलखात तो कुठेही लागतो, कारण मान वर केली की गड दिसतो. एका बाजूला तोरणा, म्हणजे प्रचंडगड, आणि दुसऱ्या बाजूला राजगड. भोरच्या डोक्यावर रोहिडा, म्हणजे विचित्रगड. भोर संस्थानच्या काळी तालुक्यांची नावेसुद्धा गडांचीच होती : विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड. पुढे वेल्हे झाले आणि २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचे ठरवले. मावशी म्हणाली, "अरे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचंच बरोबर होतं. ते शेवटपर्यंत राजगड तालुकाच म्हणायचे. आम्ही समजत होतो, त्यांना विस्मरण झालंय."

राजगड ही रायगडाच्या आधीची राजधानी. शिवाजी महाराजांचा जितका काळ तिथे गेला तितका दुसऱ्या कुठल्या गडावर क्वचितच गेला असेल. हा काळ सुखाचा होता, असे आपण पद्मावती माचीवर भेळ खाताना समजतो. पण तिन्ही माच्या आणि वरचा बालेकिल्ला यांवर रात्रंदिवस पहारे ठेवायचे, म्हणजे केवढा संसार! सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था दिली आहे. एक हवालदार, एक सबनीस, एक सरनोबत. तिघे सारख्या तोलाचे. कारभार तिघांनी मिळून करायचा. एकाच्या मनात फितुरी आली तर बाकीचे दोघे जागे. मी सरकारी कचेरीत तेहतीस वर्षे काढली आहेत. सारख्या तोलाचे तिघेजण एका खोलीत बसवले की तिघेही झोपत नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. बाकी काही काम होते की नाही, तो प्रश्न वेगळा.

एक गंमत लक्षात घ्या. गडाचे दरवाजे चोवीस तास उघडे नसत. दिवस मावळला की बंद; मग दूध घालायला आलेली हिरकणी असो की आणखी कोणी. ती गोष्ट रायगडाची, पण शिस्त सगळीकडची. म्हणजे आमच्या औषधवाल्याच्या अगदी उलट कारभार. तिथे दरवाजा बंद आणि माणूस जागा. इथे पाटी जागी, दरवाजा बंद आणि माणूस घोंगडीत.

पहाऱ्याला एकदा डुलकी लागली की काय होते, हे तोरण्याला विचारा. १७०४ साली औरंगजेब स्वतः या डोंगरांत फिरत होता. वय ऐंशीच्या पुढे, पाऊल दुखरे, आणि तरी गडामागून गड. बहुतेक गड त्याला मिळाले ते वाटाघाटीने किंवा थैल्या रिकाम्या करून. तोरणा मात्र त्याच्या माणसांनी मार्च महिन्यात रात्रीच्या अंधारात कडा चढून, लढून घेतला. ज्या बाजूने कोणी येणार नाही असे वाटते, त्याच बाजूने ते आले. बादशहाने खुशीत गडाचे नाव ठेवले 'फुतूहुल्गैब', म्हणजे दैवी विजय. दैवी म्हणायचे त्याचे कारण त्याला ठाऊक. पण झुंजार माचीच्या त्या कड्यावरून खाली पाहिले की मला वाटते, त्या रात्री वरच्या पहारेकऱ्याने एक घटका तरी मिटल्या डोळ्यांनी घालवली असणार. एवढी एकच घटका इतिहासात राहिली. त्याआधी त्याच कड्यावर माणसांनी जागून काढलेल्या हजारो रात्री कुठल्या बखरीत आहेत? जागे राहण्याच्या नोकरीत हा मोठा अन्याय आहे. काम नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही तर लिहायचे काय?

गड गेले, पहारे राहिले. गावोगाव रात्रीची राखण रामोशी करत. त्याबद्दल त्यांना गावाकडून आणि गडाकडून हक्क मिळत. भिवडीच्या उमाजी नाईकांच्या घराण्याकडे पुरंदरची राखण पिढ्यान्‌पिढ्या होती. १८१८ साली इंग्रज आले. त्यांनी हिशेबाच्या वह्या उघडल्या, आणि या हक्कांवर गदा आली. शतकानुशतके रात्री जागणारी माणसे एका सकाळी बेकार झाली. रात्री जागायची सवय मात्र काही सुटत नाही. उमाजींनी त्याच रात्री इंग्रजांविरुद्ध वापरल्या आणि पुण्याच्या साहेबांची झोप कैक वर्षे उडवली. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी १०,००० रुपयांचे इनाम लावले. शेवटी १५ डिसेंबर १८३१ रोजी ते पकडले गेले ते भोरजवळच्या उत्रोळी गावात, झोपडीत बेसावध असताना. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. उत्रोळीवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. एस.टी.त डुलक्या काढत. आता त्या फाट्यावर डोळे मिटत नाहीत.

एस.टी.चा विषय निघालाच आहे. भोरचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले आणि त्याच सालच्या १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारी एस.टी. धावली. पंतसचिवांचे राज्य गेले ते मार्चमध्ये, आणि कंडक्टरचे राज्य सुरू झाले ते जूनमध्ये. मधले तीन महिने जनता पोरकी होती म्हणायची. या राज्यातला खरा पहारेकरी म्हणजे मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर. शहरातल्या लोकांना मुक्कामी गाडी माहीत नसते. रस्ता जिथे संपतो त्या गावी ही गाडी दिवस बुडता पोचते, देवळापुढे उभी राहते आणि रात्रभर तिथेच असते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा गाडीतच आडवे होतात. कोणाकडून भाकरी येते, कोणाकडून कालवण. पहाटे अंधारात हॉर्न वाजतो आणि दूधवाले, कॉलेजची पोरे, कोर्टाच्या तारखेचे म्हातारे डोळे चोळत गाडीत चढतात. ही गाडी थांबलेली दिसते, पण ती थांबलेली नसते. रात्री-अपरात्री कोणा बाईला कळा सुरू झाल्या की गाव त्या गाडीकडेच बघायचे. नियमात ते कुठे बसत होते कोण जाणे. पण नियमाची वही रात्री कोण उघडतो?

आता आमच्या काकांकडे येतो. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते पाटबंधारे खात्यात होते, भाटघर धरणावर. वेळवंडी नदीवरचे हे धरण भोरच्या लोकांना घरच्या म्हशीसारखे आहे. त्याची चौकशी केल्याशिवाय दिवस मावळत नाही. जुने धरण एकोणिसाव्या शतकातले. त्यानंतरचे हे आजचे मैलभर लांबीचे मोठे धरण १९२८ साली सुरू झाले. सर जॉर्ज लॉईड या गव्हर्नराचे नाव त्याला दिले. लॉईडसाहेब विस्मरणात गेले, भाटघर राहिले. या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की पाण्याच्याच जोराने ते उघडतात. ओसरले की मिटतात. माणसाचा हात लागत नाही. असल्या दरवाजांचा पुण्यातला नमुना म्हणजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला बसवलेले दरवाजे. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. नीरेच्या कालव्याचे पाणी पाळीपाळीने वाटण्याच्या पद्धतीतही त्यांनी डोके घातले होते.

लहानपणी मी काकांना विचारले होते, "दरवाजे आपोआप उघडतात, मग तुम्ही रात्री कशाला जाता?"

काका रेनकोट चढवत म्हणाले, "दरवाजे जागे आहेत की नाही ते बघायला."

"आणि तुम्ही जागे आहात की नाही ते कोण बघतं?"

"तुझी मावशी," काका म्हणाले. "तिला थर्मास परत पाहिजे असतो."

पावसाळ्यात काकांची रात्र अशी : कंदील, छत्री, वही. पातळी बघायची, लिहायची, पुन्हा बघायची. वहीत दर तासाला एक आकडा. आमच्या घरी ती वही कधी आली नाही, पण तिची सवय आली. काका सुट्टीच्या दिवशीसुद्धा रात्री दोनला उठून स्वयंपाकघरातल्या पिंपातले पाणी बघून येत. उन्हाळ्यात हाच खेळ कालव्यावर. रात्रीच्या पाळीचे पाणी सुटले की शेतकरी फावडे घेऊन बांधावर आणि पाटकरी बॅटरी घेऊन पाटावर. पाणी दिवसा-रात्री बघून वाहत नाही. म्हणून माणसाला बघावे लागते.

आता मला थोडे गंभीर व्हायचे आहे. लगेच संपवतो.

पानशेत हे वेल्हे तालुक्यातले, आंबी नदीवरचे. १९६१ च्या पावसाळ्यात तिथले मातीचे धरण अजून पुरे झाले नव्हते. पाऊस मात्र आधीच पुरा झाला होता. पाणी सोडायच्या मार्गावरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान धरणाच्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. खाली भराव खचत होता, तितकी वर पोत्यांची भिंत चढत होती. पाऊस, वारा, काळोख, आणि पायाखालची माती केव्हा जाईल याचा भरवसा नाही. पाठीवर पोते घेऊन रात्रभर जा-ये. १२ जुलैच्या सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरण फोडले आणि पुणे बुडाले.

म्हणजे जवानांचे काम फसले, असे कोणी म्हणेल. धरण वाचले नाही हे खरेच. पण फुटले ते उजाडल्यावर.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत राहत होतो. मी सहा वर्षांचा होतो. माझ्या आठवणीत एवढेच आहे, की कोणीतरी ओरडत गेले, आईने गॅलरीतून खाली पाहिले आणि दुधाचे भांडे स्टोव्हवर तसेच ठेवून मला ओढत बाहेर काढले. वडिलांनी आजीला पाठुंगळी घेतले. आम्ही चालत पर्वतीवर गेलो. चालत गेलो, कारण दिसत होते. रस्ता दिसत होता, पाणी दिसत होते, कोण मागे राहिले ते दिसत होते. तरी त्या दिवशी कितीतरी घरे गेली, माणसे गेली. आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड गेले, दुधाच्या भांड्यासकट. हेच पाणी जर रात्री दोन वाजता आले असते, तर नारायण पेठ अंथरुणात होती आणि मीही. हा लेख तुम्हाला वाचावा लागला नसता.

त्या रात्री पोते वाहणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मला माहीत नाही. काका मात्र पुढे कितीतरी वर्षे म्हणत, "धरण वाचवायला गेले होते रे ते. वाचवली ती रात्र." एरवी थर्मासवर विनोद करणारा हा माणूस एवढे बोलून गप्प बसायचा आणि पिंप बघायला उठायचा.

असो. तर मी पाटीखाली उभा होतो.

समोर एका बँकेचे पैसे काढायचे यंत्र होते आणि त्याच्या दारात खुर्चीवर एक वॉचमन. साठीचा माणूस, डोक्याला मफलर, हातात काठी. तो सगळा प्रकार बघत होता. मला हाक मारून म्हणाला, "कोन आजारीय?"

मी सांगितले. तो म्हणाला, "मग हितं काय करताय? सरकारी दवाखान्यात जावा. तिथं शिस्टर जाग्या असत्यात. म्हातारीलाच न्या, वाफ देत्यात."

"पण नेऊ कशी? या वेळेला रिक्षा कुठली?"

त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिले. "दोन वाजत आले. दुधाची गाडी येईल आता. चला, थांबवतो."

"अहो, पण तुमचं हे यंत्र?"

"ते काय पळून जातंय का?" तो काठी टेकत उठला. "मानूस जातंय."

दुधाची गाडी आली. ड्रायव्हरने एक शब्द न बोलता रिकामे कॅन मागे सारले. मावशी त्याच्या शेजारी बसली. नऊवारीचा पदर खोचून, महाराणीसारखी. मी मागे, कॅनांमध्ये. दवाखान्यात दिवा होता आणि दाराला कुलूप नव्हते. टेबलाशी एक सिस्टर वहीत काही लिहीत होती. मला काकांची वही आठवली. तिने मावशीला बघितले, 'काय आजी, पंप संपेपर्यंत झोपला होतात का सगळे?' असे मलाच रागावून विचारले आणि वाफेचे यंत्र लावले. नाव विचारले ते नंतर. अर्ध्या तासात मावशीच्या छातीतली शिट्टी थांबली. पलीकडच्या खोलीत नुकतेच जन्मलेले एक मूल भोकाड पसरून रडत होते. तेही आता आयुष्यभर कोणा ना कोणाला जागे ठेवणार होते.

दवाखान्यावर एक साधी पाटी होती. 'चोवीस तास' वगैरे तिच्यावर काही लिहिलेले मला तरी दिसले नाही.

घरी परतलो तेव्हा चार वाजत आले होते. मी मावशीला पलंगावर बसवले, पांघरूण घातले आणि बजावले, "आता अजिबात उठायचं नाही. दुपारपर्यंत झोप. काय हवं ते मी करतो." ती शहाण्यासारखी 'बरं' म्हणाली. मीही आडवा झालो. पाच मिनिटे गेली असतील नसतील, स्वयंपाकघरात लाइटर ओढल्याचा आवाज आला. धावत गेलो. मावशी ओट्याशी उभी, गॅसवर आधण.

"अगं, तुला काय सांगितलं होतं?"

"तुझ्यासाठी नाही रे," मावशी म्हणाली. "तो बँकेचा वॉचमन रात्रभर जागा आहे ना. जरा आलं घालून देते. जा, नेऊन दे. आणि थर्मास परत आण."